ओळख कोणाची होती?

भंडारा जिल्ह्यात कोणाच्या पोराला नोकरी लागली की पेढा तोंडात असतानाच पुढचा प्रश्न येतो, ‘ओळख कोणाची होती?’ विचारणाऱ्याच्या मनात फारसं वाईट नसतं. इथे नोकरीच्या वाटा सगळ्यांना पाठ आहेत. जवाहरनगरची आयुध निर्माणी, गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना, वरठीची सनफ्लॅग, आणि यातलं काही जमलं नाही तर पोलीस भरती, जिच्यासाठी पोरं पहाटे अंधारात रस्त्यावर धावताना दिसतात. जाहिरात, अर्ज, परीक्षा, यादी. यादीत नाव आलं म्हणजे लागली. यादीच्या मागून कोणी हात दिला का, एवढंच विचारणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये लागलेल्या पोराला हाच प्रश्न विचारा, तो चाचरतो. होती म्हणावं तर वशिल्याचा शिक्का बसतो, नव्हती म्हणावं तर बऱ्याचदा ते खरं नसतं. कारण या धंद्यात ओळखीतून माणूस घेणं ही उघड रीत आहे. कंपन्या तिला रेफरल म्हणतात आणि चांगला माणूस सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याला बक्षीसही देतात. गावात जे दबक्या आवाजात होतं, ते तिथे एचआरच्या पोर्टलवर फॉर्म भरून होतं. पण ती ओळख कशी जोडायची आणि जोडल्यावर बोलायचं काय, हे मात्र कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

भंडारा शहरातून पूर्वेला निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. जुना सहा नंबरचा, आता ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो आणि पवनीकडचा रस्ता इथेच फुटतो. नदीवर नव्या पुलाशेजारी इंग्रजांच्या काळातला जुना, बुटका पूल आहे. सगळे त्याला लहान पूलच म्हणतात. धान, नदीकाठचा भाजीपाला, मासेमारी आणि पलीकडच्या शहरातली नोकरी-मजुरी यांवर गाव चालतं. नागपूर साधारण साठ किलोमीटरवर. अशा गावांतून आता बी.ई. कॉम्प्युटर, बी.सी.ए., एम.सी.ए. झालेली मुलं-मुली निघतात. शिक्षण भंडाऱ्यात, शहापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा नागपुरात होतं आणि नोकरीचा शोध पुण्यात.

या भागात कॉम्प्युटर घरोघरी ओळखीचा झाला तो एमएस-सीआयटीमुळे. एमकेसीएलनं २००१ साली हा कोर्स सुरू केला. पुढे सरकारी नोकरीला तो लागू लागला आणि तालुक्या-तालुक्यात केंद्रं निघाली. लाखो मुलांचा माउसला पहिला हात तिथे लागला, हे श्रेय मोठं आहे. पण त्याबरोबर एक सवयही लागली. कॉम्प्युटर शिकायचा तो प्रमाणपत्रासाठी, आणि प्रमाणपत्र म्हणजे पात्रता. ही सवय पुढच्या पिढीत जशीच्या तशी उतरली आहे. इथल्या मुलांचे बायोडेटे पाहा. फुल स्टॅक जावाचं प्रमाणपत्र, पायथनचं, क्लाउडचं, ऑनलाइन हॅकेथॉनच्या सहभागाचं. दोन पानांत प्रमाणपत्रं मावत नाहीत आणि स्वतः काय बनवलं याला एक ओळ, तीही बहुधा ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’. वाचनालयात पाय न ठेवलेल्या मुलांनी या देशात जितक्या लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम लिहिल्या असतील, तितकी वाचनालयं नक्कीच नाहीत.

मग पुणं. वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावरून गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, नाही तर नागपूरहून ट्रॅव्हल्स. ऑगस्ट २०२५पासून अजनीहून पुण्याला वंदे भारतही सुटते, पण नोकरी शोधणाऱ्याच्या खिशाला ती परवडत नाही. उतरायचं वाकड किंवा हिंजवडीच्या आसपास, एका खोलीत तिघं-चौघं, मेसचा डबा. सकाळी नोकरीच्या साइटवर अर्ज, दुपारी क्लास, रात्री कोडिंगचे प्रश्न. कुठे वॉक-इन असल्याचं कळलं की सगळी खोली रिकामी होते. जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या अशाच एका वॉक-इनच्या रांगेची चित्रफीत देशभर फिरली. हातात फाइल घेतलेल्या इंजिनिअरांची ओळ संपता संपत नव्हती. गावाकडच्या मोबाइलवरही ती पोचली आणि आई-बापांनी एकमेकांना न बोलता ती पुढे पाठवली.

या रांगेच्या कडेला एक धंदा उभा आहे. काही कन्सल्टन्सीवाले दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव लावून देतात. बंद पडलेल्या कंपनीचं पत्र, पगाराच्या पावत्या, मुलाखतीत द्यायची पाठ केलेली उत्तरं, सगळं पॅकेजमध्ये. घरची जमीन गहाण ठेवून पैसे भरल्याच्याही गोष्टी ऐकू येतात. आता भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी यूएएन क्रमांकाखाली एकत्र दिसतात आणि पार्श्वभूमी तपासणीत असा अनुभव उघडा पडतो. नोकरी जातेच, शिवाय नाव खराब होतं. हे सांगायला मात्र त्या पॅकेजमध्ये कोणी नसतं.

अर्जांच्या ढिगाला उत्तर येत नाही, मग पोरगा घरी फोन करतो. घरचे ओळखी काढायला लागतात. मामा, मावसभाऊ, गावचे माजी सरपंच, कोणा आमदाराचा पीए. यातल्या कोणालाही बॅकएंड डेव्हलपरची जागा कुठे निघाली हे माहीत असण्याचं कारण नाही. प्रेम भरपूर, माहिती शून्य. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली नेमकं हेच दाखवलं होतं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात अलीकडे नोकरी बदललेल्यांना त्यांनी विचारलं, ही जागा कोणामार्फत कळली आणि त्या माणसाला तुम्ही तेव्हा कितीदा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी १६.७ टक्के लोकांनीच त्या माणसाशी वारंवार भेट होत असल्याचं सांगितलं. ५५.६ टक्क्यांची भेट अधूनमधून होणारी, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. म्हणजे जीव लावणाऱ्यांपेक्षा नुसतं ओळखणारेच जास्त कामी आले. कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते.

जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०२२मध्ये, लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांच्या नोंदींवर याच कल्पनेची तपासणी झाली आणि निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तोही त्याच बाजूचा, जरा नेमका करून. अगदी परकाही नको आणि अगदी घरचाही नको. मधला, थोडासा ओळखीचा माणूस नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी, आणि संगणकाशी जोडलेल्या उद्योगांत तर अधिकच.

मला यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. झाडीपट्टीला, म्हणजे आमच्या या भागाला, हे सांगायला अमेरिकेतून कोणी यायची गरज नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, दंडार, रात्री नाटक, आणि घराघरांत पाहुणे. मंडईत सोयरिकी जुळतात, आणि त्या जुळवतं कोण? सख्खा काका क्वचितच. बहिणीच्या सासरकडचा कोणी, वर्षातून एकदा येणारा, तोच म्हणतो, ‘आमच्या गावाकडे एक पोरगी आहे पाहण्यासारखी.’ लांबच्या पाहुण्याचं मोल आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याला चहा कसा द्यायचा, विषय कसा काढायचा, नकार आला तर संबंध न तोडता कसा घ्यायचा, हे सगळं आपल्या घरातल्या बाया लीलया करतात. त्याच घरातलं पोरगं लिंक्डइनवर अनोळखी सिनियरला लिहिताना मात्र गोठतं.

काय लिहितं ते पाहिलं आहे. भंडारा जिल्ह्यातलाच, पुण्यात बारा वर्षं काढून मॅनेजर झालेला एक जण सुट्टीत घरी आला होता. त्यानं त्याच्या मोबाइलवरचे संदेश मला दाखवले, नावं झाकून. बहुतेक एकाच साच्याचे. आदरणीय सर, मी फ्रेशर आहे, मला कोणतीही नोकरी चालेल, कृपया मदत करा, घरची परिस्थिती बेताची आहे. खाली हात जोडल्याची चिन्हं आणि बायोडेटा. ‘वाचून पोटात तुटते भाऊ,’ तो म्हणाला, ‘पण मी करू काय? कोणतीही नोकरी माझ्या कंपनीत नसते. जागा असते टेस्टिंगची, नाही तर जावाची.’ मग एक वेगळा संदेश दाखवला. एका मुलीचा. तिनं चार वाक्यं लिहिली होती. मी साकोलीची, तुमचं गाव प्रोफाइलवर पाहिलं. तुमच्या कंपनीत टेस्टिंगची अमुक क्रमांकाची जागा निघाली आहे. मी अशा प्रकारचं टेस्टिंग अमुक प्रोजेक्टमध्ये केलं आहे, दुवा सोबत आहे. रेफरल द्या असं म्हणत नाही, पण त्या टीमला नेमकं काय लागतं हे सांगायला दहा मिनिटं मिळतील का? त्यानं दहाऐवजी चाळीस मिनिटं दिली आणि रेफरलही दिला. पहिल्या साच्यात सगळा भार वाचणाऱ्यावर टाकलेला आहे. दुसऱ्यात त्याला करायचं काम छोटं आणि स्पष्ट आहे. गरज दोघांची सारखीच होती.

हाच मॅनेजर सुट्टीत आला की दोन-चार मुलांच्या सराव-मुलाखती घेतो. मी एका मुलाखतीला कोपऱ्यात बसलो. पोरगा कारध्याचा, बी.ई. झालेला, कॅम्पस निवडीत मागे राहिलेला. नाव छापू नका म्हणाला, कारण मुलाखती सुरू आहेत. ‘स्वतःबद्दल सांग’ म्हटल्यावर त्यानं पाठ केलेलं इंग्रजी धडाधडा म्हणून टाकलं. नाव, गाव, टक्के, छंद क्रिकेट, बलस्थान मेहनत, उणीव म्हणजे जास्तच मेहनत. प्रोजेक्ट? कपड्यांचं ऑनलाइन दुकान. कोणत्या भागाचं कोड तू लिहिलंस? सगळं आम्ही चौघांनी मिळून. पैसे कापले गेले आणि ऑर्डर झाली नाही तर? पोरगा गप्प.

मॅनेजरनं मग इंग्रजी सोडलं. ‘बरं, गावात पूर आला होता ना मागे, तुमच्या घरात पाणी शिरलं होतं का?’

आणि पोरगा बोलायला लागला. ऑगस्ट २०२०च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आणि गोंदियाकडच्या धरणांतून पाणी सोडलं गेलं आणि वैनगंगेनं भंडाऱ्यासह काठची गावं बुडवली. तेव्हापासून पावसाळ्यात सगळ्यांची नजर एका आकड्यावर असते. कारध्याजवळची पाणीपातळी. इशाऱ्याची २४५ मीटर, धोक्याची २४५.५० मीटर. हा आकडा जिल्हाभर व्हॉट्सअॅपवर फिरतो. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाची ३३ दारं, वर बालाघाट-शिवनीकडचा पाऊस, आणि मध्ये कारधा. त्यानं यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. आकडा टाकायचा, कालच्याशी तुलना करून तो काकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गटावर संदेश पाठवायचा.

‘मग हे बायोडेट्यात कुठे आहे?’

‘सर, ते गावातलं आहे. प्रोजेक्ट नाही ते.’

पुढचा अर्धा तास मी पाहिलेल्या मुलाखतींमध्ये सर्वांत चांगला होता. चुकीचा आकडा आला तर? आला होता. त्यानंच एकदा २४५च्या जागी २५४ टाइप केलं. काकांचा लगेच फोन, ‘काहून रे, ट्रॅक्टर काढू का?’ तेव्हापासून आधीच्या नोंदीपेक्षा फार उडी मारणारा आकडा प्रोग्रॅम थांबवून धरतो आणि पुन्हा विचारतो. संदेश गेलाच नाही तर लोक सगळं ठीक समजतील, त्याचं काय? म्हणून रोज सकाळी ठरल्या वेळी एक ओळ जाते, पाणी स्थिर असलं तरी. ती ओळ आली नाही तर लोकांनी फोन करायचा, हे त्यानं गटात सांगून ठेवलं आहे. लोकांना मीटर कळतात का? इथे पोरगा हसला. नाही कळत. काकांना आकड्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. लहान पूल बंद होणार का, आणि नदीवरची मोटर आज संध्याकाळी काढायची का. त्यानं तीन-चार शेतकऱ्यांना विचारलं, कोणाची मोटर किती पाण्यात बुडते. मग संदेशात मीटरच्या खाली तेच लिहायला सुरुवात केली.

कंपन्या ज्यासाठी स्वतंत्र पगार देऊन माणसं ठेवतात, ते सगळं या उत्तरात होतं. वापरणाऱ्याला काय हवं हे विचारून काढणं, चूक कुठे होईल हे आधी ओळखणं, आपली चूक सांगणं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं तेही सांगणं. पीपल स्किल्स म्हणून बाजारात जे विकलं जातं, ते या मुलाकडे काकांच्या फोनमुळे आलं होतं. ते दाखवण्यालायक आहे हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या कॉलेजात ‘सॉफ्ट स्किल्स’चा तास होता. त्यात हस्तांदोलन कसं करावं, टाय कसा बांधावा आणि समूहचर्चेत पहिलं कसं बोलावं हे शिकवलं गेलं. टाय बांधून कोड लिहिणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

इंग्रजीचं काय? ते लागतं, त्यात वाद नाही. कागदपत्रं इंग्रजीत, ग्राहक परदेशी, मेल इंग्रजीत. पण आपल्याकडे ‘कम्युनिकेशन’ म्हटलं की स्पोकन इंग्लिशचा क्लास एवढंच समजतात आणि क्लासवाल्यांना ते सोयीचं आहे. बंगळुरूत किंवा पुण्यात बसून तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी माणसं ज्या इंग्रजीत काम चालवतात ती काही साहेबाची इंग्रजी नव्हे. मुलाखत घेणाऱ्याला व्याकरणाच्या चुकीपेक्षा जास्त खटकतं ते वेगळंच. प्रश्न कळला नाही तरी कळल्यासारखी मान हलवणं. येत नाही हे न सांगता काहीबाही बोलत राहणं. विचार करताना पूर्ण गप्प होणं. या तिन्ही सवयी आपल्या शाळेची देणगी आहेत. तिथे सरांना उलट प्रश्न विचारणं म्हणजे आगाऊपणा, आणि येत नाही म्हणणं म्हणजे छडी. पंधरा वर्षं जे अंगात मुरवलं ते एचआरच्या वीस मिनिटांत जावं, अशी आपली अपेक्षा.

विदर्भातल्या मुलांना बोलीचीही धास्ती असते. पुण्याच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात कोणी तरी नक्कल करतं आणि मग पोरगा मराठीतही तोंड उघडायला कचरतो. या थट्टेत मोठा द्वेष नसतो, पण तिची किंमत असते. जो जेवणाच्या टेबलावर बोलत नाही तो मीटिंगमध्येही बोलत नाही, आणि जो मीटिंगमध्ये बोलत नाही त्याचं काम दुसरा सांगतो.

मुलाखतीचा प्रकारही निर्दोष नाही, हे मुलांना सांगायला हवं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२०मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना एकाच प्रकारचा प्रश्न फळ्यावर सोडवायला दिला. काहींना परीक्षकासमोर, मोठ्यानं बोलत. काहींना खोलीत एकट्यानं. परीक्षकाच्या नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. समोर सोडवणाऱ्या गटातली एकही मुलगी उत्तरापर्यंत पोचली नाही. एकटीनं सोडवणाऱ्या सगळ्या पोचल्या. संख्या लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण नापास होणारा प्रत्येक जण कच्चाच असतो, हा समज तेवढ्यानंही ढिला होतो. उपाय कंपन्यांनी करावा तेव्हा करावा. तोवर आपल्या हातात एकच आहे, कोणाच्या तरी समोर बसून मोठ्यानं बोलत सोडवण्याची सवय. खोलीतल्या मित्रासमोर, मराठीत का होईना. ‘आधी साधी पद्धत सांगतो, ती हळू आहे, मग सुधारतो’ हे वाक्य कोणत्याही भाषेत उपयोगी पडतं.

मुलींचा विषय निघालाच आहे तर इथे थांबलं पाहिजे. गावातून मुलगी पुण्याला जाते तेव्हा तिच्याबरोबर अटीही जातात. हॉस्टेल अमुकच, रात्रपाळी नको, दोन वर्षांत जमलं नाही तर लग्न. ओळखी वाढवायच्या त्या संध्याकाळच्या चहावर, मीटअपला, सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या तांत्रिक सभांमध्ये, आणि त्या वेळी ती वसतिगृहाच्या दारात सही करत असते. अनोळखी सिनियर पुरुषाला संदेश पाठवण्याचं धाडस केलं तर उत्तर कामाचंच येईल याची खात्री नाही. अशा वेळी मुलींनी मुलींचे गट केले आहेत, सिनियर मुली धाकट्यांना जागा कळवतात. साकोलीच्या त्या मुलीनं माझ्या परिचयाच्या मॅनेजरला निवडलं तेही आधी त्याच्या टीममधल्या एका बाईला विचारून, हा माणूस कसा आहे म्हणून. ते मला नंतर कळलं.

नोकरी लागल्यावर विषय संपतो असं नाही. प्रोग्रॅमिंग हे एकट्यानं, कानात हेडफोन घालून करायचं काम आहे, असा सिनेमानं दिलेला समज जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१मध्येच मोडायचा प्रयत्न केला होता. प्रोग्रॅमरच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी म्हटलं, आपलं कोड म्हणजे आपण नव्हे; दुसऱ्यानं त्यातली चूक काढली तर तो आपला अपमान नाही. चार वर्षांनी फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या अनुभवावरून लिहिलं, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं लावली तर उशीर वाढतो, कारण प्रत्येक नवा माणूस म्हणजे बोलण्याचे आणखी धागे. दहा जणांच्या टीममध्ये जोड्या होतात ४५, वीस जणांच्या टीममध्ये १९०. तेव्हापासून धंद्याला माहीत आहे, की सॉफ्टवेअर बिघडतं त्यातलं बरंच माणसं एकमेकांशी न बोलल्यामुळे.

आपल्या मुलांची अडचण इथे वेगळीच निघते. सकाळच्या मीटिंगमध्ये सिनियरनं विचारलं, होईल का आज? पोरगा म्हणतो, होईल सर. होणार नाही हे त्याला माहीत असतं. पण मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे त्याला घरानं शिकवलेलं. संध्याकाळी काम अर्धं, रात्री जागरण, दुसऱ्या दिवशी पुन्हा होईल सर. चौथ्या दिवशी सिनियरचा विश्वास उडतो आणि पोराला वाटतं, एवढं रात्र-रात्र बसूनही किंमत नाही. यात खोटारडेपणा कोणाचाच नाही. ‘सर, लॉगिनचा भाग झाला, पेमेंटमध्ये अडकलो आहे, अमुक करून पाहिलं, दुपारपर्यंत सुटलं नाही तर तुमची अर्ध्या तासाची मदत लागेल,’ एवढं सकाळी सांगितलं तर तीच अडचण साधी ठरते. शेतावर आपण हे बोलतोच. रोवणीला बाया कमी पडल्या तर बांधावर दुपारीच सांगतो, संध्याकाळपर्यंत चिखल पाहत बसत नाही.

आता दुसरी बाजू. माणसांशी नीट वागण्याचं सगळं प्रशिक्षण उमेदवारानंच घ्यायचं, असा एक करार या धंद्यात न लिहिता झालेला दिसतो. २०२२च्या बॅचच्या सुमारे दोन हजार मुलांना इन्फोसिसनं नियुक्तीपत्रं देऊन दोन वर्षांच्या आसपास रुजू करून घेतलं नव्हतं. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार नेली आणि मग २०२४मध्ये हालचाल झाली. फेब्रुवारी २०२५मध्ये याच कंपनीनं म्हैसूरच्या केंद्रातल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाल्याच्या कारणावरून काढलं. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. आणि नवख्याचा पगार? मोठ्या सेवा कंपन्यांत तो दहा-बारा वर्षांपासून वर्षाला साडेतीन लाखांच्या आगेमागेच घुटमळतो आहे. ३ लाख ३६ हजारांचा आकडा घेतला तर महिन्याला २८ हजार, त्यातून कपाती, मग पुण्याचं भाडं आणि मेस. अर्ज केल्यावर नकाराची एक ओळही न पाठवणारी, तीन फेऱ्या घेऊन फोन न उचलणारी कंपनी उमेदवाराला विचारते, तुझं कम्युनिकेशन कसं आहे. हा विनोद कोणाच्या लक्षात येत नाही एवढंच.

त्यात एआय आलं. नवख्यांना जी कामं देऊन शिकवलं जायचं, छोट्या दुरुस्त्या, ठरावीक साच्याचं कोड, चाचण्या लिहिणं, त्यातला बराच भाग आता यंत्र करू लागलं आहे. यावर भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांत मी भर घालत नाही. पण यंत्र लिहून देतं ते कोड खरं काम करेल का, आणि काकांना मीटर हवेत की मोटरची खबर, हे विचारायला अजून माणूसच उठून बांधावर जातो.

नागपूर जवळ येत चाललं आहे, हा त्यातल्या त्यात दिलासा. आयटी पार्कात पर्सिस्टंट जुनी, मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आल्या. २०२०च्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेली पोरं घरच्या पडवीत लॅपटॉप घेऊन बसली तेव्हा गावानं पहिल्यांदा त्यांचं काम पाहिलं. तोवर बापाला ‘कॉम्प्युटरवर असतो’ एवढंच माहीत होतं. दिवसभर बसून कोणाशी तरी बोलत असतो आणि त्याचे पैसे मिळतात, याचं एका आजोबांना फार नवल वाटत होतं. खरं तर त्यांनी कामाचं मर्म बरोबर ओळखलं होतं.

कारध्याच्या त्या मुलानं बायोडेटा नव्यानं लिहिला आहे. एका पानाचा. कपड्यांचं दुकान खाली गेलं, वैनगंगेची पातळी वर आली, आणि तिच्याखाली २४५चं २५४ कसं झालं आणि मग काय केलं, तेही दोन ओळींत. नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं त्याला बोलावलं. मुलाखत घेणाऱ्यानं निम्मा वेळ नदीबद्दलच विचारलं म्हणे. शेवटी ‘काही विचारायचं आहे का’ म्हटल्यावर याआधी तो ‘नो सर’ म्हणून उठायचा. या वेळी त्यानं तीन प्रश्न विचारले. पहिले सहा महिने मला कोण शिकवेल? बाँड आहे का आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेता का? रुजू होण्याची तारीख पत्रात लिहून मिळेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळाली. तिसऱ्यावर ‘कळवू’ असं सांगण्यात आलं. घरच्यांनी पेढे आणायची तयारी केली होती, ती त्यानं थांबवली आहे. पत्रावर तारीख येईपर्यंत बाकीच्या दोन ठिकाणच्या मुलाखती तो देणार आहे.